चौदाच्या आत की बाहेर?

नव्या सांगवीतल्या पीडब्ल्यूडी मैदानावर रविवारी सकाळी सात वाजता गेलात, तर एकाच वेळी सात-आठ सामने चालू असलेले दिसतात. एका सामन्यातला लाँगऑन दुसऱ्या सामन्यातल्या यष्टिरक्षकाच्या पाठीशी उभा असतो आणि चेंडू आपला की शेजाऱ्यांचा यावरून अधूनमधून वाद होतो. शिक्षकी पेशात असताना मी बरीच वर्षे शालेय सामन्यांत पंचगिरी केली. ती सुटली, पण मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहण्याची खोड काही सुटली नाही. अशाच एका रविवारी एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्याकडे आले. चाकणच्या एका कारखान्यातली रात्रपाळी संपवून, कंपनीच्या बसमधून उतरून ते थेट मैदानावर आले होते. डोळे लाल, हातात जेवणाचा रिकामा डबा. मुलगा तेरा वर्षांचा, अंगाने बारीक, पायांना पॅड बांधलेले.

‘‘सर, याला कुठल्या गटात खेळवू? शाळेतले म्हणतात सतरा वर्षांखालील. क्लबातले म्हणतात चौदा वर्षांखालील. मुलगा तर एकच आहे!’’

प्रश्न साधा वाटला. उत्तर द्यायला लागलो तेव्हा कळले, की तो साधा नाही. आजही गावागावांतल्या, वसाहतींतल्या हजारो आईबापांना तो दर जून-जुलैत पडतो. शाळेचा अर्ज समोर येतो, त्यात ‘वयोगट’ असा एक रकाना असतो आणि त्या रकान्यात जे लिहिले जाते त्यावर मुलाचे वर्ष अवलंबून असते. कधी कधी तर त्याचा खेळच.

आमच्या लहानपणी हा रकाना नव्हता. पण गट नव्हते असे मात्र कोणी समजू नये. जत्रेतल्या कुस्त्यांचा आखाडा आठवा. मोठ्या पैलवानांची लढत संध्याकाळी. त्याआधी दुपारी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या. पोरे कपडे काढून रांगेत उभी राहत आणि गावातले दोन-चार जुने पैलवान त्यांच्या जोडी लावत. जोड लावणे ही एक विद्याच होती. दोन पोरांना समोरासमोर उभे करायचे, खांद्याला खांदा लावून बघायचा, दंड चाचपायचा, मान बघायची आणि ‘ही जोड बरोबर’ म्हणून दोघांचे हात वर करायचे. जोड विषम दिसली तर भोवतालची माणसेच ओरडत. जन्मतारीख कोणी विचारत नसे, आणि विचारली असती तरी ती कोणाला ठाऊक होती? आईला एवढेच आठवे, की ज्या वर्षी मोठा पूर आला त्या वर्षीचा हा.

त्या पद्धतीत दोष पुष्कळ होते. जोड लावणारा भावकीतला असला तर त्याची नजर कशी चाले, हे सांगायला नको. तरीही तिच्यात एक गोष्ट होती, जी आजच्या रकान्यात नाही. कोणीतरी जाणता माणूस त्या पोराकडे डोळे भरून बघत होता.

आज बघण्याचे काम तारीख करते. शालेय क्रीडा स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन गट असतात आणि त्यांची रेषा १ जानेवारीला ओढलेली असते. क्रिकेट मंडळाची रेषा वेगळी, १ सप्टेंबरची. आता या मुलाची जन्मतारीख बघा. २२ डिसेंबर. शालेय सामने पावसाळ्याच्या आसपास होतात तेव्हा तो तेरा वर्षे आठ महिन्यांचा असतो. पण १ जानेवारीला त्याची चौदा पूर्ण झालेली असणार, म्हणून शाळेच्या हिशोबात तो चौदाच्या बाहेर. दहा दिवस उशिरा जन्मला असता तर आत राहिला असता. क्रिकेट मंडळाच्या हिशोबात मात्र १ सप्टेंबरला तो तेराचाच आहे, म्हणून चौदाच्या आत. एकाच वर्षी, एकाच खेळात, एकच मुलगा एकीकडे आपल्या गटातल्या थोरल्यांपैकी आणि दुसरीकडे सगळ्यांत धाकटा! शाळेच्या संघातून त्याच्यासमोर जो गोलंदाज उभा राहील तो पावणेसतरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला असू शकतो. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. रेषा कुठेतरी ओढावीच लागते आणि कुठेही ओढली तरी तिच्या पलीकडे कोणीतरी दहा दिवसांनी उभा असतोच.

ही दहा दिवसांची बाब दिसते तेवढी किरकोळ नाही. रॉजर बार्न्स्ली नावाच्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९८५ मध्ये दाखवून दिले, की त्या देशातल्या वरच्या दर्जाच्या आइस हॉकीपटूंत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आहे आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेले विरळ आहेत. तिथल्या मुलांच्या हॉकीची रेषा १ जानेवारीची. जानेवारीत जन्मलेले दहा वर्षांचे पोर डिसेंबरात जन्मलेल्या पोराहून जवळजवळ वर्षाने मोठे असते. ते उंच दिसते, निवडले जाते, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो आणि चार वर्षांनी ते खरोखरच चांगले खेळू लागते. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये शाळेबाहेरच्या बहुतेक लीगची रेषा दीर्घकाळ ३१ जुलैची होती. मेजर लीगमध्ये खेळलेल्या अमेरिकन खेळाडूंत ऑगस्टमध्ये जन्मलेले जुलैत जन्मलेल्यांहून कितीतरी जास्त होते. ज्योतिषांना हे कळले तर ते सिंह रास बेसबॉलला अनुकूल असल्याचे सांगतील. पण हा सारा प्रताप एका कागदावरच्या रेषेचा आहे.

बेसबॉलचा उल्लेख आलाच आहे तर थोडे तिकडे जाऊन येऊ. आपल्याकडे हा खेळ शालेय स्पर्धांच्या यादीत आहे आणि महाराष्ट्रात तो नेटाने खेळणाऱ्या शाळाही आहेत, पण मुलाला कुठल्या गटात घालावे या प्रश्नाचा जेवढा खल अमेरिकन बेसबॉलने केला तेवढा क्वचितच कोणी केला असेल. पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थांनी १९३९ मध्ये लहान मुलांसाठी ‘लिट्ल लीग’ सुरू केली. त्यांनी केलेली पहिली गोष्ट म्हणजे मैदान लहान केले. नात्यातल्या दोन मुलांना पळायला लावून, चेंडू फेकायला लावून ते अंतर कमी करत गेले. मोठ्यांच्या खेळात एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत ९० फूट असतात, ते त्यांनी ६० फुटांवर आणले. चेंडू फेकणाऱ्याचे अंतर मोठ्यांत साडेसाठ फूट, या मुलांसाठी ते आज ४६ फूट आहे. खेळ तोच, नियम बहुतेक तेच, फक्त जागा मुलाच्या पायाच्या मापाची.

पुढे त्या लीगमध्ये गटांचा जिनाच तयार झाला. चार ते सात वर्षांच्या पोरांसाठी चेंडू उंच खुंटीवर ठेवलेला असतो आणि पोराने तो फक्त हाणायचा. मग मोठी माणसे सोपा चेंडू टाकतात. मग मुलेच मुलांना टाकतात. नऊ ते बाराचा मुख्य गट, अकरा ते तेराचा मधला, बारा ते चौदाचा त्यावरचा, तेरा ते सोळाचा त्याहून वरचा. वाचकांच्या लक्षात आले असेल, की हे गट एकमेकांवर चढलेले आहेत. बारा वर्षांचा मुलगा तीन गटांत बसतो. तळांमधले अंतर त्या तीन गटांत ६०, ७० आणि ९० फूट. म्हणजे नियमांनीच आईबापांना सांगितले, की तारखेने इथपर्यंत आणले, आता पुढचे तुम्ही मुलाकडे बघून ठरवा. मधला ७० फुटांचा गट तर २०१३ मध्ये मुद्दाम घातला, कारण साठावरून एकदम नव्वदावर गेलेली मुले दमून खेळच सोडत होती. आपल्या जुन्या पैलवानांना ही गोष्ट पटली असती.

त्याच लीगमध्ये २००१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला डॅनी अल्मोंटे नावाचा एक डावखुरा मुलगा गाजला. त्याच्या चेंडूपुढे बारा वर्षांची पोरे नुसती उभी राहत. एका सामन्यात त्याने प्रतिस्पर्ध्यांतल्या एकालाही तळापर्यंत जाऊ दिले नाही. वर्तमानपत्रे डोक्यावर घेऊन नाचली. काही दिवसांतच उघड झाले, की त्याचा खरा जन्म १९८९ चा नसून १९८७ चा आहे. बारांत खेळणारा मुलगा चौदाचा होता. डोमिनिकन प्रजासत्ताकात त्याच्या बापाने दुसरा जन्मदाखला करून घेतला होता. संघाचे सारे विक्रम पुसले गेले. मुलाला कोणी दोष दिला नाही. पण सगळ्या जगाने त्याचा चेहरा पाहिला होता, बापाचा नाही. पुढे तो खेळत राहिला, मेजर लीगपर्यंत मात्र कधी पोहोचला नाही. त्याआधी १९९२ मध्ये फिलिपीन्सच्या झांबोआंगा शहराच्या संघाचे जगज्जेतेपद अपात्र खेळाडूंपायी काढून घेतले होते. तेव्हा अप्रामाणिकपणा ही काही आमचीच मिरास आहे असे मानण्याचे कारण नाही.

आता मैदानावर परत येऊ. ते गृहस्थ बोलता बोलता थांबले, मुलाला ‘जा, पाणी पिऊन ये’ म्हणाले आणि आवाज खाली आणून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. एक ओळखीचा माणूस आहे. तो म्हणतो, प्रतिज्ञापत्र करू, दाखला नवा काढू, दोन वर्षे सहज खाली येतील. खर्च काही हजार. ‘‘सगळेच करतात म्हणे सर. आपल्याच पोराने का मागे राहायचे? दहा दिवसांसाठी?’’

पाणी प्यायला गेलेला मुलगा चार पावलांवर उभा होता. त्याला सगळे ऐकू येत होते.

त्यांच्यावर एकदम रागवायला माझी जीभ धजली नाही. याची दोन कारणे. एक म्हणजे त्यांची तक्रार खरी होती. दुसरे कारण त्यांनीच हसत सांगितले. त्यांची स्वतःची जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या वडिलांचीही १ जूनच! महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत १ जूनला जन्मलेल्यांची जी अफाट संख्या आहे ती काही त्या दिवशीच्या ग्रहमानामुळे नाही. शाळा जूनमध्ये भरायची, बाप पोराचा हात धरून घेऊन यायचा, तारीख विचारली की डोके खाजवायचा, आणि गुरुजी पोराचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाला पोचतो की नाही हे बघून वय ठरवत आणि १ जून घालून मोकळे होत. या उदार गुरुजींनी दोन-तीन पिढ्या शाळेत बसवल्या. त्यात लबाडी नव्हती, नोंदच नव्हती. पण तारीख ही ‘घालायची’ गोष्ट आहे, ती आपल्या हातात असते, ही समजूत मात्र तेव्हापासून आपल्या मनात खोल बसली. आजचे मूल दवाखान्यात जन्मते, त्याची नोंद होते, तास-मिनिटांसकट पत्रिका होते. तरीही ती समजूत शिल्लकच आहे.

त्यातून खेळाला आता भाव आला आहे. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि क्रिकेटमधल्या पैशाबद्दल तर बोलायलाच नको. सांगवीत ही गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ऋतुराज गायकवाड जुन्या सांगवीचे. इथल्या पोरांनी त्यांना रस्त्यावरून जाताना पाहिले आहे. एका षटकात सात षटकार मारलेली त्यांची ती २०२२ ची खेळी इथल्या प्रत्येक घरात पाठ आहे. तेव्हा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक बापाच्या डोळ्यांत तोच एक मुलगा असतो. पण त्या मुलाच्या वयाचा हिशोब कोणी मांडत नाही. जन्म ३१ जानेवारी १९९७. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत अकरा-बाराव्या वर्षी प्रवेश. रणजीचा पहिला सामना ऑक्टोबर २०१६ मध्ये, एकोणीस पूर्ण झाल्यावर. भारताकडून पहिला सामना जुलै २०२१ मध्ये, चोविसाव्या वर्षी. यात कुठे घाई दिसते? आपण उदाहरण मात्र सचिन तेंडुलकरांचे देतो, कारण ते चौदा वर्षांचे असताना हॅरिस शील्डमध्ये थोरल्या मुलांबरोबर खेळले आणि सोळाव्या वर्षी पाकिस्तानात वकारला सामोरे गेले. शंभर वर्षांत एकदा घडणारी गोष्ट वेळापत्रक म्हणून भिंतीवर लावण्यात काय अर्थ आहे?

वय कमी करण्याचा उद्योग पकडण्याची साधने आता पुष्कळ आहेत. डाव्या हाताच्या मनगटाचा क्ष-किरण फोटो काढतात आणि हाडांची वाढ मोजतात. जेम्स टॅनर आणि व्हाइटहाउस यांनी बसवलेल्या या पद्धतीची तिसरी आवृत्ती २००१ ची. क्रिकेट मंडळाने ती २०१२ पासून सोळा वर्षांखालील गटासाठी वापरायला घेतली. २०२० मध्ये मंडळाने आणखी एक पाऊल टाकले. ज्यांनी खोटी कागदपत्रे दिली आहेत त्यांनी स्वतः कबूल केले तर माफी, नंतर सापडले तर दोन वर्षे बंदी. फुटबॉलच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात २००९ पासून मनगटाचा एमआरआय काढतात. २०१७ मध्ये ती स्पर्धा आपल्याकडे झाली, नवी मुंबईतही सामने झाले, तेव्हाही हीच चाळणी होती.

पण हाडालाही जन्मतारीख ठाऊक नसते, हे विसरता कामा नये. काही मुले लवकर वाढतात, काही उशिरा. तेरा वर्षांची दोन निरोगी मुले घ्या. एकाचे हाड पंधराचे भरेल, दुसऱ्याचे साडेअकराचे. दोन्ही कागद खरे, दोन्ही आईबाप प्रामाणिक. मुलगे साधारण चौदाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढतात, मुली बाराच्या सुमारास. एका वर्षात आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढलेली मुले मी वर्गात बघितली आहेत. मे महिन्यात गेलेला मुलगा जूनमध्ये ओळखू येत नाही. या काळात हाडे पुढे धावतात आणि स्नायू मागून येतात. कालपर्यंत सफाईने झेल घेणाऱ्या मुलाच्या हातून चेंडू सुटू लागतो, गुडघ्याखाली आणि टाचेत दुखू लागते. प्रशिक्षक म्हणतो, लक्ष नाही. बाप म्हणतो, मोबाइल. खरे तर पोराला स्वतःच्या हातापायांची नवी लांबी अजून कळलेली नसते.

दुखापतीचेही तसेच. हाडांच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा सोळा-सतरापर्यंत कच्ची असते. लिट्ल लीगमधल्या चेंडूफेकी मुलांच्या कोपरात होणाऱ्या विकाराला दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९६० मध्ये त्या लीगचेच नाव दिले. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, २००७ मध्ये, लीगने एका मुलाने एका दिवशी किती चेंडू टाकायचे याची मर्यादा ठरवली. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५. इंग्लंडमध्ये तेरा वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला एका सत्रात पाच आणि दिवसाला दहा षटकांहून जास्त टाकू देऊ नये असा दंडक आहे. क्रिकेटच्या नियमांतच तेरा वर्षांखालील मुलांचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा सांगितला आहे, मोठ्यांचा १५६ ते १६३. भालाफेकीतला पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा, अठरा वर्षांखालील मुलांचा ७००. गोळा पुरुषांचा ७.२६ किलो, अठराखालील मुलांचा पाच. ज्यांनी हे नियम केले ते काही मुलांचे लाड करत नव्हते. आपल्याकडे मात्र आठव्या यत्तेतल्या बऱ्या गोलंदाजाला सकाळी शाळेसाठी, दुपारी क्लबासाठी आणि संध्याकाळी गल्लीसाठी पळवतात आणि तो सतराव्या वर्षी पाठ धरून बसला की नशिबाला बोल लावतात.

आपल्या मातीतल्या खेळांनी गटाचा विचार जास्त शहाणपणाने केला होता, असे मला वाटते. कबड्डीत वयाबरोबर वजनही बघतात. किशोर गटाला सोळा वर्षांची आणि ५५ किलोंची मर्यादा, कुमार गटाला वीस वर्षांची आणि ७० किलोंची. खो-खोत तर वय, उंची आणि वजन या तिन्हींची बेरीज करून निर्देशांक काढण्याची पद्धत होती. वर्षे, सेंटिमीटर आणि किलो एकत्र मिळवायचे! गणिताच्या शिक्षकाला हे ऐकून घाम फुटेल, पण त्या अडाणी बेरजेत आखाड्यातल्या जोड लावणाऱ्याची नजर आकड्यांत उतरली होती. पळवाटा अर्थात इथेही आहेत. वजनाच्या काट्यावर उभे राहण्याआधी दोन दिवस पोरांना पाणी तोडतात, भर उन्हात स्वेटर घालून पळवतात. ५७ किलोंच्या एका मुलाला दीड दिवस उपाशी ठेवून एका प्रशिक्षकाने ५५ च्या गटात बसवले होते, त्या सामन्याला मी पंच होतो. पोराने पहिल्या चढाईतच मध्यरेषेवर बसकण मारली. वजन बसले होते, मुलगा बसला नव्हता.

मुलींचा प्रश्न आणखी निराळा. लिट्ल लीगने मुलींना १९७४ पर्यंत घेतलेच नाही. मारिया पेपे नावाच्या न्यू जर्सीतल्या मुलीला काढून टाकल्यावर खटला झाला, तो हरल्यावर दार उघडले. आपल्याकडे दार उघडे आहे, पण मुलगी चौदाची झाली की घरातच एक रेषा ओढली जाते. बाराव्या वर्षी ती वर्गातल्या मुलांहून उंच असते, वेगवान असते, तिला खेळवण्याची खरी वेळ तीच. नेमकी तेव्हाच ‘आता मोठी झाली’ म्हणून तिची चप्पल-बूट माळ्यावर जातात. शाळेच्या सतराच्या गटात मुलींचा संघ पुरा करताना क्रीडाशिक्षकांची जी तारांबळ होते ती मी अनेकदा पाहिली आहे. कधी सहावीतली पोर थेट सतराच्या गटात उभी करतात. ‘तू फक्त उभी राहा गं’ म्हणतात. कोणत्या गटात घालावे हा प्रश्न तिच्या बाबतीत कोणी विचारलेलाच नसतो.

मग गट ठरवावा कसा? मला विचाराल तर मी एकच गोष्ट बघायला सांगेन. सामन्यात मुलाच्या वाट्याला खेळ किती येतो? सतराच्या संघात अकरावा म्हणून निवड झाली, घरी पेढे वाटले, आणि पोर सगळा हंगाम सीमारेषेवर उभे राहून पाण्याच्या बाटल्या वाहत राहिले, तर तो मान बापाचा झाला, मुलाचा नाही. चौदाच्या गटात तो पहिल्या चारांत फलंदाजीला येत असेल, बाद होत असेल, पुन्हा येत असेल, तर त्याचा खेळ वाढतो. उलट चौदांत तो इतका भारी पडत असेल, की नुसती बॅट आडवी केली तरी चौकार जातो, तर तिथे राहणेही बरे नाही. त्याला चूक करायला कोणी भाग पाडत नाही आणि उंचीच्या जोरावर चाललेला त्याचा खेळ सोळाव्या वर्षी, बाकीचे उंच झाल्यावर, उघडा पडतो. अशा मुलाने आठवड्यातून दोन दिवस थोरल्यांच्या नेटमध्ये जावे. सराव वरच्या गटात आणि सामने आपल्या गटात, ही वाट मला सगळ्यांत बरी वाटते. नेटमध्ये हरल्याची नोंद होत नाही.

आणि मुलाला विचारावे. हे सांगताना मला थोडे हसू येते, कारण तेवढे सोडून आपण सगळे करतो. सतराच्या गोलंदाजाला सामोरे जाताना पोट ढवळते का, रात्री झोप लागते का, हे त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक? थोडी भीती असावी. भीतीने पाय मागे जाऊ लागले तर मात्र ती एकदा लागलेली सवय पुढे कुठल्याही प्रशिक्षकाला मोडता येत नाही.

राहता राहिला दाखल्याचा प्रश्न. राहुल द्रविड यांनी डिसेंबर २०१५ मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात नेमके यावर बोट ठेवले होते. त्यांचा रोख मंडळाच्या नियमांपेक्षा त्या मुलावर होता. ज्या मुलासमोर त्याचे आईबाप आणि त्याचा गुरू मिळून खोटे बोलतात तो पुढे काय शिकेल, असा त्यांचा सवाल होता. मी त्यात एक व्यवहाराची गोष्ट जोडतो. दोन वर्षे खाली आणलेला मुलगा चौदांत सोळाचे बळ घेऊन जिंकतो, पण बळाची ही उधारी वीस वर्षांपर्यंत फिटते. खुल्या गटात सगळे सारखेच. तोवर शाळेचा दाखला एक, आधार कार्ड दुसरे, पारपत्राला तिसरा कागद, आणि नोकरीच्या वेळी एखादा कारकून तिन्ही शेजारी शेजारी ठेवून चष्म्यातून वर बघतो. शिवाय त्या चौदांत कोणा दुसऱ्याच्या खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा गेलेली असते. तो घरी बसलेला असतो. त्याचे नाव कुठल्याच कागदावर नसते.

हे सगळे मी त्या गृहस्थांना एका दमात सांगितले असे नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला व्याख्यान देऊ नये, एवढे मला कळते. मी त्यांना दोन तारखा वहीत लिहून दाखवल्या, १ जानेवारी आणि १ सप्टेंबर. या वर्षी क्लबाकडून चौदांत सामने खेळू दे, शाळेच्या सतराच्या संघाबरोबर नुसता सराव करू दे, आणि सतराचे सामने पुढच्या वर्षी बघू, असे म्हणालो. ते वहीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे क्रिकेटवाल्यांच्यात तो थोरला आहे?’’

‘‘थोरल्यांपैकी.’’

‘‘आणि तो माणूस? दाखल्याचा? त्याला मी हजार रुपये देऊन बसलोय.’’

मी मुलाकडे पाहिले. तो आता अगदी जवळ येऊन उभा होता. बापाच्या हातातला रिकामा डबा त्याने आपल्या हातात घेतला आणि म्हणाला, ‘‘बाबा, ते पैसे मागून घ्या. मला नवे ग्लोव्हज पाहिजेत.’’

पलीकडून कोणीतरी त्याच्या नावाने ओरडले. त्यांच्याकडे एक फलंदाज कमी होता. समोर धाव घेऊन गोलंदाजी करणारा मुलगा त्याच्याहून वीतभर उंच होता, सामना टेनिस चेंडूचा होता, आणि त्यात कोणाचाच कुठला गट नव्हता. तो पॅड सोडायच्या भानगडीत न पडता तसाच पळत गेला.